मोंबासाच्या लिलावातून चहा घेताना

दुबईतल्या एका पॅकिंग कंपनीसाठी केनियातल्या मोंबासाहून चहा उचलणं हे माझं काम. लिलाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बोलीची चुरस येते, पण एका लॉटवरची, म्हणजे एकत्र विकल्या जाणाऱ्या पोत्यांवरची, बोली बघता बघता संपते. पैसे वाचतात किंवा बुडतात ते त्याआधी, चाखणीच्या ओट्यावर.

हा लिलाव ईस्ट आफ्रिकन टी ट्रेड असोसिएशनचा. १९५६ मध्ये नैरोबीत सुरू झाला आणि १९६९ मध्ये मोंबासाला आला. केनियाबरोबर युगांडा, रवांडा, बुरुंडीचा मालही इथेच विकला जातो. भाव किलोमागे अमेरिकन डॉलरमध्ये. बोली फक्त सभासद लावू शकतो. बाहेरच्याने सभासद खरेदीदार गाठायचा, कमिशन ठरवायचं आणि प्रत्येक लॉटची वरची मर्यादा लेखी द्यायची. ‘चांगला पीएफ वन बघून घ्या’ (पीएफ वन ही दाण्याच्या आकारावरून ठरणारी एक ग्रेड) एवढाच निरोप दिलात तर चांगला येईल की नाही सांगता येत नाही, महाग मात्र नक्की येतो.

कॅटलॉगमध्ये फॅक्टरीचा मार्क (ज्या नावाने तिचा चहा विकला जातो ते), ग्रेड, इन्व्हॉइस (म्हणजे त्या खेपेचा) नंबर, पोती आणि निव्वळ वजन असतं. बीपी वनचा दाणा मोठा, पीएफ वन त्याहून बारीक, मग पीडी आणि डी वन. टी-बॅगला पीएफ वन लागतो. पातेल्यात दूध-साखर घालून उकळणाऱ्यांना, म्हणजे आपल्यासारख्यांना, पीडी आणि डी वन झटपट रंग देतात. बीएमएफ या हलक्या ग्रेडमध्ये काडी-रेषा फार, तो स्वस्तातली भर म्हणूनच घ्यावा.

सॅम्पल आली की झाकणाच्या चिनी मातीच्या कपात २.८ ग्रॅम पत्ती, त्यावर १४० मिली ताजं उकळलेलं पाणी, सहा मिनिटं. दोनदा उकळलेलं पाणी नको, चहा मलूल लागतो. शक्यतो माल जिथे विकायचा तिथल्यासारखं पाणी वापरावं. जड पाण्यात उत्तम चहासुद्धा काळपट पडतो. चोथा झाकणावर उलटा करून बघायचा: तांबूस, चकचकीत हवा. मग दूध. दूध पडताच चांगल्या चहाला नारिंगी झाक येते, मेलेला चहा राखाडी होतो. चव घेण्याआधीच निम्मा निकाल इथे लागतो.

मग चमच्याने फुर्र करून ओढायचा. हिरवट, कडसर लागला तर फर्मेंटेशन अपुरं. मऊ, बेचव लागला तर ते जास्त झालंय. भाजका वास ड्रायर फार तापल्याचा. पॅकिंगच्या वेळी ओलावा ३ टक्क्यांच्या आसपास असावा. ७ च्या वर गेला की माल टिकत नाही.

सर्वांत मोठा सापळा म्हणजे मार्कचं नाव. केनियाचा कांगाइता किंवा रवांडाचा गिसोवू दिसला की हात सैल सुटतो. पण तीच फॅक्टरी जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत तरतरीत चहा देते आणि एप्रिल-मेच्या पावसात पातळ. पाला धो धो येतो, कोमेजवायला पुरेसा वेळ मिळत नाही. म्हणून मर्यादा त्या त्या इन्व्हॉइसचा चहा चाखून ठरवायची, गेल्या महिन्याच्या भावावरून नाही. राखीव भावाला, म्हणजे विकणाऱ्याने ठरवलेल्या किमान भावाला, न पोचलेला लॉट परत जातो. त्यासाठी लिलावानंतर ब्रोकरशी बोलता येतं, आणि तिथे कधी कधी बरा सौदा होतो.

हाच चहा थेट पुण्या-मुंबईत विकायची कल्पना अनेकांना सुचते. आधी हिशेब करा: भारतात चहावरचं मूळ आयात शुल्क १०० टक्के आहे.

मुदतीत पैसे भरले की डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल उचलायचा परवाना, मिळते. गोदामातून उचलण्याआधी पोत्यांतून नवं सॅम्पल काढून लिलावाच्या सॅम्पलशेजारी चाखावं. फरक दिसला तर तक्रार तेव्हाच करावी, दुबईच्या जेबेल अली बंदरात कंटेनर उघडल्यावर फार उशीर झालेला असतो. मोंबासाच्या किलिंडिनी बंदराची हवा दमट. रिकाम्या कंटेनरमध्ये उभं राहून दार लावून घ्यावं: कुठून उजेड दिसला तर तो परत पाठवावा, मिरची-मसाल्याचा वास आला तरीही. मग भिंतींना क्राफ्ट पेपर, वर ओलावा शोषणाऱ्या पिशव्या, आणि पोती छतापासून थोडी खाली, कारण घाम छतावर धरतो आणि वरच्या थरावर ठिबकतो.