शेवटची ओळ काय आली? : आमची वाटचाल

आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचा फोन वाजतो आणि पलीकडून आवाज येतो, "भाऊ, कॉम्प्युटर चालूच नाही होऊन राहिला." यावर आम्ही सगळ्यात आधी एकच विचारतो: स्क्रीनवर शेवटची ओळ काय आली? जमलं तर तिचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवा. बाकी सगळं नंतर. हा प्रश्न विचारायची सवय आम्हाला सहज लागलेली नाही. त्यामागे एका माणसाचं मोठं नुकसान आहे, आणि ते आमच्या हातून झालेलं आहे.

पांढरकवड्यात बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं दुकान आहे. 2011 मध्ये पोळ्याच्या आठवड्यात मी आणि माझ्या मावसभावानं ते सुरू केलं. त्याआधी दोन वर्षं मी नागपुरात सीताबर्डीवर एका दुकानात हाताखाली काम केलं होतं. तिथं शिकलेलं दुरुस्तीशास्त्र एका वाक्यात सांगता येईल: मशीन अडलं की फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्यानं टाका. विंडोजची सीडी टाका, तासाभरात गिऱ्हाईक मोकळं. गावाकडे येऊन आम्हीही तेच करत होतो. करंजी, पाटणबोरी, रुंझा, जिथून फोन येईल तिथं मोटारसायकलवर जायचं, डिकीत सीड्यांचं पाकीट, स्क्रू ड्रायव्हर आणि हवा मारायचा ब्लोअर.

2013 च्या पावसाळ्यात एका कृषी केंद्राचं मशीन आलं. काळ्या पडद्यावर एक ओळ येऊन थांबत होतं. मी ती ओळ वाचलीसुद्धा नाही. मालकांना विचारलं, महत्त्वाचं काही आहे का? ते म्हणाले, सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे. मी निर्धास्तपणे सीडी टाकली आणि इन्स्टॉल करताना सगळी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे सी, डी असे भाग, उडवून नव्यानं पाडली. डी त्यातच गेला. त्या डीमध्ये खरिपाची उधारी होती. बियाणं, खत, फवारणीची औषधं, कोणी किती नेलं ते सगळं. ही उधारी कापूस विकल्यावर दिवाळीच्या आसपास फिटते, आणि तोवर दुकानदाराकडे त्या नोंदीशिवाय काहीच नसतं.

मी त्यांच्याकडे जाऊन खरं ते सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी गावोगाव निरोप धाडले. शेतकरी आपापल्या चिठ्ठ्या घेऊन आले. कोणी घडी करून पाकिटात ठेवलेल्या, कोणी देवघरातून काढलेल्या, ओलीनं शाई पसरलेल्या. ज्यांची चिठ्ठी हरवली होती त्यांनी आकडा तोंडी सांगितला. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानात बसून एकेक नोंद पुन्हा टाइप केली. एक म्हातारेबुवा सालदाराला सोबत घेऊन आले होते, का तर एका पोत्याचा हिशेब राहून गेला होता आणि तो माझ्या खात्यात लिहा म्हणाले. मी तेव्हाच ठरवलं की न वाचता, न विचारता मशीन पुसायचं नाही.

लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी मोफत प्रणाली, आमच्या दुकानात आलं ते या ठरावामुळे. आधी फक्त बचावासाठी आलं. पेनड्राइव्हवर लिनक्स टाकायचं, अडलेलं मशीन त्या पेनड्राइव्हवरून चालू करायचं, डिस्कला हात न लावता आतलं सगळं दुसरीकडे काढून घ्यायचं आणि मगच दुरुस्तीला लागायचं. पुढे 8 एप्रिल 2014 ला विंडोज एक्सपीचे अपडेट बंद झाले. आमच्या भागात तेव्हा 1 जीबी रॅमची कितीतरी मशीनं एक्सपीवर होती आणि पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसनं बेजार होती. नवं घ्या म्हणायला कुणाची ऐपत नव्हती. अशा मशीनवर आम्ही लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकायला लागलो. मराठी दिसतं, मराठी टाइप होतं, ब्राउझर चालतो, प्रिंटर बहुतेक वेळा आपोआप सापडतो. जिथे हिशेबाचं टॅली आहे किंवा एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालतं, तिथं आम्ही हट्ट करत नाही. दुकानदाराचं काम अडवून लिनक्सचा प्रचार करणं मला पटत नाही.

मात्र अडलेल्या लिनक्सवर काम करताना जो आनंद मिळतो तो मला दुसरीकडे मिळाला नाही. ते कुठे अडलं हे ते स्वतः सांगतं. सुरुवातीला दिसणारा लोगो म्हणजे नुसता पडदा आहे. ग्रब म्हणजे लिनक्स किंवा विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. त्याच्या मेनूत 'ई' दाबायचं, 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीतून 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द काढायचे आणि एफ10 दाबायचं. पडदा बाजूला होतो आणि ओळी धावायला लागतात. मेनूच दिसत नसेल तर जुन्या बायोसच्या (मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) मशीनवर शिफ्ट धरून ठेवायचं, त्याच्या नव्या अवतारावर, यूईएफआयवर, एस्केप दाबायचं. आमच्या दुकानात दोनशे पानी वह्या आहेत, सध्या चौथी चालू आहे. त्यात प्रत्येक मशीनपुढे एकच रकाना महत्त्वाचा: कुठे थांबलं. बायोसमध्येच थांबलं, ग्रबपाशी, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटरॅमएफएसमध्ये (डिस्क जोडली जाईपर्यंतची तात्पुरती छोटी व्यवस्था), की पुढे सिस्टिमडी हा प्रोग्राम बाकीच्या सेवा सुरू करत असताना? चार टप्पे आहेत. टप्पा सापडला की निम्मं काम झालं.

2017 च्या नोव्हेंबरातली एक रात्र सांगतो. कापसाचा हंगाम भरात होता. एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, रात्री नऊला फोन आला, "भाऊ, काटा बंद पडला. गाड्याइची लाइन रोडवर गेली. तुमी या लवकर." तिथं एकाच मशीनवर दोन्ही होतं, वजनकाट्यासाठी विंडोज आणि हिशेब-पत्रव्यवहारासाठी लिनक्स. स्क्रीनवर लिहिलेलं: 'नो सच पार्टिशन', आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'. दुपारी कुणीतरी विंडोजमधून जागा मोकळी करायला बसलं होतं. विंडोजला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही, ते त्याला निरुपयोगी जागेसारखं दिसतं. त्या माणसानं ते डिलीट केलं. ग्रबचा मोठा भाग त्याच पार्टिशनमध्ये असतो, त्यामुळे लिनक्स तर गेलंच, पण विंडोजपर्यंत नेणारा रस्ताही गेला.

तिथं हजर असलेल्या दोघांनी फॉरमॅटचाच सल्ला दिला. मी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. पार्टिशन डिलीट केलं म्हणजे आतला डेटा पुसला असं होत नाही, फक्त डिस्कच्या सुरुवातीच्या तक्त्यातली त्याची नोंद जाते. त्यावर नवं काही लिहिलं गेलं नसेल तर टेस्टडिस्क नावाचा मोफत प्रोग्राम ती हद्द पुन्हा शोधून देतो. त्यानं शोधली, मी तक्ता लिहिला, मशीन पुन्हा चालू केलं. पुन्हा ग्रब रेस्क्यूच. पार्टिशन परत आलं होतं, पण त्याचा क्रमांक बदलला होता, आणि ग्रब त्याला जुन्याच क्रमांकावर शोधत होता.

या अवस्थेत ग्रबला चारच शब्द कळतात: एलएस, सेट, अनसेट आणि इन्समॉड. एलएस दिलं की पार्टिशनांची नावं येतात. मग एकेकात डोकावायचं. पहिल्यावर उत्तर आलं, 'अननोन फाइलसिस्टिम', म्हणजे इथली फाइलींची मांडणी ओळखता येत नाही. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर मात्र बूट, ईटीसी, होम अशी लिनक्सच्या फोल्डरांच्या नावांची रांग उमटली. तेच आपलं घर. सेट वापरून रूट आणि प्रीफिक्स या दोन्हींत त्याचा पत्ता दिला, इन्समॉड नॉर्मल, मग नॉर्मल, आणि मेनू समोर आला. लिनक्समध्ये शिरून ग्रब पुन्हा बसवला, म्हणजे पुढच्या वेळी हे हातानं करावं लागू नये. बाहेर बैलगाड्या होत्या, ट्रॅक्टर होते, लोक शेकोटीभोवती बसले होते. साडेअकराला पहिली गाडी काट्यावर चढली. जिनिंगच्या मालकांनी चहा दिला आणि पैशाचं हंगामानंतर बघू म्हणाले. इथं बहुतेक सगळे असंच म्हणतात, आणि मार्चपर्यंत बहुतेक सगळे देतातही.

प्रत्येक काम असं रात्र जागवणारं नसतं. एका शाळेत मशीन दीड मिनिट थांबून 'इमर्जन्सी मोड' दाखवत होतं. बॅकअपची बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवलेली, पण सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, म्हणजे एफएसटॅब फाइलमध्ये, तिची नोंद कायम. सिस्टिमडी नव्वद सेकंद तिची वाट पाहून हात टेकत होतं. त्या ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) हा शब्द जोडला, काम झालं. एका सेवा केंद्रात पासवर्ड बरोबर टाकूनही पुन्हा लॉगिनच समोर यायचं. कंट्रोल-आल्ट-एफ3 दाबून काळ्या पडद्यावर गेलो, डिस्कवरची जागा दाखवणारी डीएफ कमांड दिली, डिस्क शंभर टक्के भरलेली. स्कॅन केलेल्या कागदांनी एक कणही जागा ठेवली नव्हती, आणि थोडं काही लिहायला जागा असल्याशिवाय डेस्कटॉप उघडत नाही. आणि मदरबोर्डवरचा तो नाण्याएवढा सीआर2032 सेल! तो संपला की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात, तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि यूईएफआयवर बसवलेलं लिनक्स 'बूट करायला काहीच नाही' असं सांगून मोकळं होतं. सेल बदला, बायोसमध्ये मोड नीट करा. एवढ्यासाठी लोकांच्या डिस्का पुसल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आमच्या भागाची स्वतःची दुखणीही आहेत. जिनिंगमधलं मशीन उघडलं की प्रोसेसरच्या पंख्याखाली रुईचा थर निघतो, गादीसारखा दाबलेला, चिमट्यानं अख्खा उचलता येतो. मे महिन्यात बाहेरच पारा पंचेचाळीसपर्यंत गेलेला असतो, वर ती गादी. मशीन सुरू होता होता बंद पडतं आणि लोकांना वाटतं लिनक्स बिघडलं. अशा वेळी कमांड नाही, ब्रश लागतो. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं पुसून बसवले तरी कितीतरी मशीनं बोलायला लागतात.

मृगाच्या वादळात लाइन जाते, येते, पुन्हा जाते. लिहिता लिहिता वीज गेली की फाइलसिस्टिम विस्कटते आणि मशीन बिझीबॉक्स नावाच्या छोट्या कमांड-पडद्यावर 'इनिटरॅमएफएस' अशा खुणेपाशी थांबतं. वरच्या ओळीत एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) हातानं चालवा असं लिहिलेलं असतं. पूर्वी मी ते लगेच चालवायचो. आमच्याकडे आयटीआयमधून कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स) करून आलेली एक मुलगी आहे. तिनं मला थांबवायला सुरुवात केली. "दादा, आधी डिस्कची तब्येत पाहू." तिचं बरोबर होतं. डिस्क धडधाकट असेल तर एफएससीके घडी बसवून देतं. पण डिस्कच मरायला टेकली असेल तर तीच दुरुस्ती तिला शेवटचा धक्का ठरू शकते. आता ती आधी स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्कनं स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, पाहते, खराब सेक्टर (डिस्कचे बारीक कप्पे) वाढलेले दिसले की डीडीरेस्क्यू या प्रोग्रामनं आख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवते, आणि दुरुस्ती त्या नकलेवर करते. वेळ लागतो. गिऱ्हाइकाला दोन दिवस थांबा म्हणताना पूर्वी मला संकोच व्हायचा, आता होत नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला. त्यानंतर विंडोज 11 न चालणारी, पण तशी चांगली असलेली मशीनं आमच्याकडे येत आहेत. प्रत्येकाला आम्ही पहिल्यांदा यूपीएस घ्यायला सांगतो, मग लिनक्सचं बोलतो. नवं लिनक्स टाकलं की मालकाला शेजारी बसवून एकदा मुद्दाम पडदा काढून दाखवतो: हिरव्या अक्षरात 'ओके', लाल अक्षरात 'फेल्ड', लाल दिसलं की फोटो काढा आणि सारखं बंद-चालू करत बसू नका.

हे लिहीत असताना टेबलावर एक डिस्क नक्कल होऊन राहिली आहे. कालपासून चालू आहे. त्याच कृषी केंद्राची आहे, आता दुकान त्यांचा मुलगा पाहतो. खराब सेक्टरपाशी ती थांबते, पुन्हा सरकते. संध्याकाळपर्यंत होईल असं आमची ती कोपावाली ताई म्हणते. यंदाच्या खरिपाची उधारी तिच्यात आहे.