काटा हवामान सांगतोय: गाडीच्या एसीची नोंदवही, मे महिना, इंदूर

4 मे, सकाळी साडेसहा. गाडीचा एसी गार करत नव्हता, आणि मॅनिफोल्ड गेज (एसीतल्या गॅसचा दाब दाखवणारं दोन काट्यांचं यंत्र) आणल्यापासून हात शिवशिवत होते. गाडी रात्रभर उभी, हवा 28 अंश. इंजिन बंद ठेवून निळा (लो, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा) आणि लाल (हाय, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा) असे दोन्ही पाइप लावले, तर दोन्ही काटे 92 पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक). मनात म्हटलं, गॅस भरपूर आहे, बिघाड दुसरीकडे असणार. कॉम्प्रेसरवर, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपावर, संशय घेऊन बसलो.

त्याच दिवशी दुपारी. सावलीत 38 अंश. इंजिन बंदच, पण काटा 126 वर! गॅस कुणी भरला नव्हता. मला वाटलं, गेजच खोटं आहे. परदेशीपुऱ्यातल्या ओळखीच्या मेकॅनिक काकांना फोन केला, तर ते हसले. "भिया, काँटा मौसम बता रिया है, गैस नहीं."

रात्री आर-134एचा, म्हणजे एसीतल्या गॅसचा, तापमान-दाबाचा तक्ता उघडला तेव्हा डोक्यात उजेड पडला. हा गॅस मोकळ्या हवेत उणे 26 अंशांना उकळतो. बंद नळीत मात्र तो थोडा उकळतो, वाफेचा दाब वाढतो आणि त्या दाबानेच उकळणं थांबतं. 28 अंशांना हा दाब 92, 38 अंशांना 126. आत थेंबभर द्रव शिल्लक असेपर्यंत, 100 ग्रॅम असो की 400, काटा तोच आकडा दाखवणार. म्हणजे सकाळचं माझं निदान म्हणजे थर्मामीटर बघून टाकीतलं पेट्रोल सांगण्यासारखं होतं.

5 मे. आता इंजिन चालू, ब्लोअर फुल. लो साइड 18, म्हणजे कूलिंग कॉइलमध्ये गॅस उणे आठच्या आसपास उकळतोय. मग आत हवा गार का नाही? कारण द्रव इतका कमी की कॉइलच्या तोंडाशीच संपतो. तिथल्या पाइपवर दव गोठून पांढरं झालेलं, पुढची कॉइल कोमट. दाब कमी, उकळणं जास्त थंड, आणि तरी गाडीत घाम. हे कोडं सुटलं तेव्हा चहा गार झाला होता.

साबणाच्या पाण्याने कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) जोडाशी बुडबुडे सापडले. तिथली ओ-रिंग (रबरी कडी) कडक होऊन चिरलेली.

9 मे. गॅस हवेत सोडायचा नाही, म्हणून काकांच्या मशीनवर काढून घेतला. निघाला 160 ग्रॅम; बॉनेटखालच्या स्टिकरवर 450 लिहिलंय. ओ-रिंग बदलली, सिस्टम उघडलीच होती म्हणून ड्रायरही (ओलावा शोषणारी डबी). मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांमधली हवा आणि ओलावा ओढून काढणं.

पंप पाऊण तास चालला, तरी काटा पाऱ्याच्या 28 इंचांवरच. पुस्तकात तर 29.9! पंपाला शिव्या घालून झाल्यावर आठवलं, आपण माळव्याच्या पठारावर, साडेपाचशे मीटर उंच बसलोय. इथली हवाच मुळी 28 इंचांची, त्याहून जास्त काढणार कुठून? आपल्याकडे पाणीही 98 अंशांनाच उकळतं. 30 अंशांच्या दुपारी नळ्यांमधला ओलावा उकळून जायला मात्र दाब सव्वा इंचावर यावा लागतो, म्हणजे काटा पावणेसत्तावीसच्या पुढे गेल्याशिवाय व्हॅक्यूम केल्याचा फायदाच नाही. वॉल्व्ह बंद करून अर्धा तास थांबलो. काटा हलला नाही. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

गॅस वजन करून 450 ग्रॅम भरला. काट्याकडे बघून भरायचं नाही, हे आता पाठ झालंय.

10 मे, दुपारी 38 अंश. लो 32, हाय 210. तक्त्यात घालून बघा: कॉइलमध्ये साधारण 2 अंशांना उकळतोय, कंडेन्सरमध्ये 56-57 अंशांना द्रव होतोय. बाहेर 38 असताना उष्णता टाकायची तर गॅस त्याहून बराच गरम हवाच, आणि त्यासाठीच कॉम्प्रेसर एवढा दाब चढवतो. (तक्ता समुद्रसपाटीचा असला तर इंदुरात जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक पडतो. मी उगाच दोन संध्याकाळी त्यात घातल्या.)

12 मे. राजवाड्याच्या गर्दीत गाडी रखडली की गार हवा ढेपाळते. घरी आल्यावर उभ्या गाडीत मोजलं: हाय 260, म्हणजे कंडेन्सर 65 अंशांवर. हायवेच्या वाऱ्यात हे होत नाही. कंडेन्सरचा पंखा फिरतोय, पण संथ वाटतो. रविवारी त्याच्या रिलेला आणि मोटरला येणारं व्होल्टेज बघतो.