झाडापासून केलेलं इंधन म्हणजे हिरवंच ना? तुम्ही विचारलंत म्हणून

जैवइंधनाच्या क्षेत्रात काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. झाडाने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला, इंधन जाळल्यावर तोच हवेत परत गेला, मग हिशेब शून्यच ना?

शून्य नाही. या हिशेबात शेत धरलेलं नाही, कारखाना नाही आणि मुख्य म्हणजे जमीन नाही.

पिकाला दिलेल्या नत्रखताचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता अडवतो, त्यामुळे तो थोडासुद्धा महागात पडतो. पुढे पिकातली साखर आंबवून केलेल्या द्रवातून अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, वेगळं काढायला भरपूर वाफ लागते. ब्राझीलमध्ये उसाचं चिपाड जाळून ती वाफ करतात, वर वीजही विकतात. अमेरिकेत मक्याच्या इथेनॉलसाठी बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायू जाळतात. दोन्हीकडचं इथेनॉल रेणूपर्यंत सारखंच, पण हिशेब फार वेगळा.

तरी खरा घोळ जमिनीचा आहे. 2008 साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत या विषयावर दोन अभ्यास आले. एकाचं गणित असं की आग्नेय आशियातलं पीट जमिनीवरचं (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, कार्बनने भरलेल्या दलदलीवरचं) जंगल तोडून तिथे बायोडिझेलसाठी तेलताड, म्हणजे पाम तेलाचं झाड, लावलं, तर तोडताना सुटलेला कार्बन भरून यायला चारशेहून अधिक वर्षं लागतील. दुसऱ्याचा मुद्दा आडवळणाचा होता. अन्नाचं पीक इंधनाकडे वळवलं की अन्नासाठी दुसरीकडे कुठेतरी नवी जमीन नांगरली जाते, आणि तिचा कार्बनही याच इंधनाच्या खात्यावर धरायला हवा. तो नेमका किती धरायचा यावर अजून वाद आहेत, पण मुद्दा खोडता आलेला नाही. युरोपीय संघाने 2015 साली वाहतुकीच्या अक्षय ऊर्जेच्या लक्ष्यात अन्नपिकांच्या इंधनाला 7 टक्क्यांची मर्यादा घातली, ती याच चिंतेतून.

‘मग काडीकचऱ्यापासून करा की!’ हे लगेच येतंच. पेंढ्यातलं सेल्युलोज, म्हणजे साखरेच्या साखळ्यांचा तंतू, लिग्निन या लाकडाला कडकपणा देणाऱ्या पदार्थात असं घट्ट गुंतलेलं असतं की ते सोडवून त्याची साखर करणं खर्चिक पडतं. अमेरिकेने 2007च्या कायद्यात 2022पर्यंत असं सेल्युलोजचं इंधन वर्षाला 1600 कोटी गॅलन वापरायचं ठरवलं होतं. ते लक्ष्य दरवर्षी खूप खाली आणावं लागलं. शिवाय शेतातला पेंढा आपल्याला कचरा वाटला, तरी मातीसाठी तो कचरा नसतो. तो सगळा उचलला की मातीतला सेंद्रिय कार्बन घटतो आणि धूप वाढते. थोडा उचलता येतो. किती, ते त्या त्या जमिनीवर ठरतं.

माझं मत विचाराल तर मोटारीसाठी जमिनीवर इंधन पिकवणं मला पटत नाही. पीक उन्हातली जेमतेम एक टक्का ऊर्जा साठवतं, तर सौर पॅनेल वीस टक्क्यांच्या आसपास वीज देतं. तेवढ्याच जमिनीवर केलेल्या विजेवर गाडी कितीतरी पट जास्त धावेल.

लांब पल्ल्याच्या विमानांचं वेगळं आहे, त्यांना बॅटरीचं वजन झेपत नाही. तिथे वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेलं इंधन मला योग्य वाटतं. पण असं तेल जगात मोजकंच आहे, आणि त्याला ताज्या तेलाहून चांगला भाव मिळू लागला की ताजं पाम तेलच ‘वापरलेलं’ म्हणून खपवण्याचा मोह होतो. युरोपात तशा शंका घेतल्या गेल्या आहेत. त्यामुळे सध्या तेल तळून झालेलं आहे की नाही हे कागदोपत्री सिद्ध करणं, हेही आमच्या क्षेत्रातलं एक मोठं काम होऊन बसलंय.