तुम्ही विचारलंत म्हणून : गर्दीतला एकेक जण

गिरगावातील माझ्या चित्रकलेच्या वर्गात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचे मुंबईचे एक चित्र लावलेले आहे. ते पाहून पालक हमखास विचारतात, ‘‘बाई, गोव्याहून आलेल्या माणसाला आपली मुंबई इतकी बारकाईने कशी दिसली?’’

मिरांडा यांचा जन्म १९२६ साली दमणला झाला आणि बालपण गोव्यातील लोटली गावात गेले. तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. त्यामुळे सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकायला आलेला हा तरुण खरोखरच दुसऱ्या राजवटीतून इथे आला होता. मात्र मुंबईत गोवेकर एकाकी नव्हता. धोबीतलावच्या आसपास गावोगावचे कूड, म्हणजे त्या-त्या गावच्या गोवेकरांची उतरण्याची ठिकाणे, होते. बोटीवर चढण्याआधी खलाशी आपल्या गावाच्या कुडात उतरत, भिंतीशी ट्रंक ठेवत आणि संध्याकाळी वेदीसमोर एकत्र प्रार्थना म्हणत. अशा ठिकाणी कोणीही नुसता ‘एक माणूस’ नसतो, तो कोणत्या वाड्यावरचा, कोणाचा मुलगा, हे सर्वांना ठाऊक असते. गावाची हीच नजर मिरांडा यांनी महानगराकडे वळवली, असे मला मनापासून वाटते. शिवाय हाताला सवय होती. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रे काढत, म्हणून आईने कोरी वही दिली आणि पुढे रोजचा दिवस चित्रांतून वहीत उतरू लागला. वृत्तपत्रे आणि साप्ताहिके नंतर आली.

म्हैसूरहून आलेल्या आर. के. लक्ष्मण यांनी या शहराच्या गर्दीतून चौकडीच्या कोटातला एक माणूस निवडला. मिरांडा यांनी अख्खी गर्दीच ठेवली, कुत्र्या-कावळ्यांसकट. मला दोघेही प्रिय आहेत, पण मुलांना शिकवताना मी मिरांडांकडे जाते.

एकदा एका विद्यार्थिनीने लोकलचा डबा काढून आणला. त्यातील सगळे चेहरे एकसारखे होते. मी तिला कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये नेले. तिथल्या भिंतींवर मिरांडा यांची चित्रे आहेत. समोरचा चहा निवून गेला तरी ती बोटाने एकेक आकृती मोजत होती. आठ दिवसांनी तिने तोच डबा पुन्हा काढला. खिडकीजवळची बाई मेथी निवडत होती, शेजारची तिच्या खांद्यावर डोके टेकून झोपली होती, आणि दारातल्या मुलीने दातांत पिन धरून केस बांधायला घेतले होते.