नाव घ्यायचं की नाही

आई सध्या आमच्याकडे अ‍ॅडलेडला आलीये. शनिवारी तिला कुराँगला, इथल्या किनाऱ्यालगतच्या खाजणात, पेलिकन दाखवून आणले आणि रविवारी तिथेच शूट झालेला 'स्टॉर्म बॉय' हा पिक्चर लावला, १९७६चा. सुरुवातीलाच ती इथली नेहमीची पाटी आली, की यात मृत आदिवासी व्यक्तींचे चेहरे आणि आवाज असू शकतात. मी ती एरवी वाचतसुद्धा नाही, आपल्याकडच्या सिगरेटच्या पाटीसारखी. आईला अर्थ सांगितला तर म्हणाली, "अरे मग हे लोक श्राद्धाला काय करतात?"

घ्या! आपण माणूस गेला की फोटो मोठा करून हार घालतो, आणि इथे बऱ्याच समाजांत दुखवटा संपेपर्यंत नावही घेत नाहीत. 'स्टॉर्म बॉय'मध्ये फिंगरबोन बिल झालेला आदिवासी नट डेव्हिड गुल्पिलिल २०२१च्या नोव्हेंबरमध्ये गेला, आमच्यापासून तासाभरावर, मरी ब्रिजला. तेव्हा बातम्यांत त्याला डेव्हिड दलाइथंगू म्हणत होते आणि मला कळेचना हा कोण. नंतर घरच्यांनी परवानगी दिली म्हणून हे नाव लिहितोय.

तो उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अर्नहेम लँडचा, योल्ङू आदिवासी. जन्मतारीख १ जुलै १९५३, ती मिशनऱ्यांनी अंदाजाने टाकलेली. आई लगेच, "आपल्या अण्णांची १ जून, मास्तरांनी लावलेली!" नाच बघून त्याला 'वॉकअबाउट'मध्ये घेतलं, १९७१ला, तेव्हा पोरसवदाच होता. पुढे 'द ट्रॅकर', 'टेन कनूज'चं निवेदन, २००४ला अ‍ॅडलेड फेस्टिव्हलमध्ये स्वतःच्या आयुष्यावर एकपात्री, आणि २०१४ला 'चार्लीज कंट्री'साठी फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये अन सर्टन रिगार्ड विभागात बेस्ट अ‍ॅक्टर.

आणि आपण सगळ्यांनी केबलवर पाहिलेला 'क्रोकोडाइल डंडी'! त्यात गोरी पत्रकार त्याचा फोटो काढायला जाते, तो नको म्हणतो, तिला वाटतं ह्यांच्यात फोटो काढला की आत्मा जातो वगैरे, तर हा म्हणतो, अहो लेन्सचं झाकण काढलं नाहीये तुम्ही. लहानपणी नुसता हसलो होतो, रविवारी तो सीन आठवला तेव्हा मात्र जरा चपराक बसल्यासारखं झालं. त्या पिक्चरने जगभर ३० कोटी डॉलरच्या वर कमावले आणि ह्याला, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, दहा हजार. ह्याचा मला इतका राग आलाय की विचारू नका. ऑफिसात दर मीटिंगला ही मुळात कौर्ना लोकांची, म्हणजे अ‍ॅडलेडच्या आदिवासींची, जमीन म्हणून आदराने सांगायचं आणि पैशाच्या वेळी हे.

तो काही संत नव्हता म्हणा. दारू होती, बायकोचा हात मोडला म्हणून २०११ला तुरुंगात गेला, आणि 'चार्लीज कंट्री'ची गोष्ट दिग्दर्शकाबरोबर तिथेच आकाराला आली.

बायको म्हणाली, तुला आपल्याकडचा एक वारली किंवा गोंड अ‍ॅक्टर सांगता येतो का? जिव्या सोमा म्हसे, म्हटलं. "ते चित्रकार." बरं, नाही येत. पण मी तिकडे होतो तेव्हा बीई आणि नोकरीत बुडालेलो होतो, कोणाला वेळ होता.

पिक्चर संपल्यावर आईने विचारलं, "काय नाव म्हणालास त्याचं?" मी तोंड उघडलं तर म्हणाली, "थांब, टीव्ही आधी बंद कर."