ग्रीकांना वात नव्हता

शुक्रवारची दुपार. आमच्याकडे वीज जाते ती शुक्रवारीच, त्यामुळे गेल्यावर कुणी कुणाला विचारतही नाही. पंखा थांबला तशी भाची गॅलरीत आली. हातात पत्त्यांचा जाडजूड गठ्ठा. मला वाटलं, चला, बदाम सात. पण हे पत्ते जीआरईचे निघाले, परदेशी शिकायला जाण्यासाठी द्यायच्या परीक्षेचे. पुढे शब्द, मागे अर्थ, आणि कुळाकुळाने रबर लावून ठेवलेले.

"मामा, तू शब्द वाच, मी अर्थ सांगते."

हातात आला तो 'स्वभाव' रबराचा गठ्ठा. सँग्विन. "आशावादी." कॉलरिक. "चिडका." फ्लेग्मॅटिक. "थंड, ढिम्म." मी पत्ता नीट धरायच्या आत उत्तर. एकही चुकेना. मी मात्र कॉलरिकपाशीच राहिलो. कारण हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो ठाण्याच्या चरईतल्या आमच्या चाळीत, स्वयंपाकघराच्या दारामागे.

त्या दाराची मागची बाजू बाबांनी काळी रंगवली होती. रोज सकाळी लोकलला निघण्याआधी ते तिथे खडूने एक इंग्रजी शब्द लिहीत. शब्द आदल्या दिवशीच्या पेपरातला, गाडीत उभ्या उभ्या हेरलेला. आम्ही मराठी शाळेतली पोरं. इंग्रजी पहिलीपासून झालं ते २००० साली. आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. बाबांचा नियम एकच होता: रात्री जेवायच्या आत तो शब्द तीनदा वापरायचा. चुकीचा वापरला तरी चालेल, पण वापरायचा. त्यामुळे आमच्या चाळीत कित्येक माणसं दिवसभर 'ऑब्स्टिनेट' असत आणि दुसऱ्या दिवशी लगेच 'जेन्युइन' होत.

कॉलरिकच्या दिवशी घोटाळा झाला. बाबा घाईत होते, अर्थ लिहायचा राहिला. बहिणीने आणि मी तर्क लढवला: कॉलरिक म्हणजे कॉलरा झालेला. संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावरचे काका कॉलरिक आहेत ही बातमी तीन खोल्यांत पोचली होती आणि चौथ्या खोलीतून पाणी उकळून प्यायचा सल्ला आला होता. रात्री बाबांनी सांगितलं, कॉलरिक म्हणजे रागीट. आजीला ते पटेना. शब्दात राग कुठे दिसतोय, म्हणाली. आजीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण शब्दाने उगीच काही होऊन बसलेलं तिला चालत नसे.

बाबा हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी कचेरीतून परस्पर मराठी ग्रंथ संग्रहालयात गेले, १८९३ साली निघालेल्या त्या आपल्या ठाण्याच्या वाचनालयात, आणि संदर्भ विभागातल्या कोशातून पाकिटाच्या पाठीवर मजकूर उतरवून आणला. आजीसमोर पाट घेऊन बसले आणि वाचलं: ग्रीक भाषेत 'खोली' म्हणजे पित्त. त्याच्यापासून कॉलरिक आणि त्याच्यापासूनच कॉलरा. म्हणजे आम्ही अगदीच चुकलो नव्हतो. आजीने भाकरी उलटली आणि म्हणाली, "मग असं सांग ना. पित्त खवळलं की माणूस चिडतो. हे त्यांना कुणी सांगितलं?"

मग तिने सगळंच ऐकून घेतलं. ग्रीकांच्या वैद्यकात शरीरात चार रस: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. फ्लेग्म म्हणजे कफ, म्हणून फ्लेग्मॅटिक म्हणजे कफ प्रकृतीचा, जागचा न हलणारा. सँग्विसचा अर्थ रक्त, म्हणून सँग्विन हा सळसळत्या रक्ताचा, उमेदीचा. मेलास म्हणजे काळं, म्हणून मेलँकली म्हणजे काळं पित्त वाढून आलेली खिन्नता. आजी बोटं मोजत होती.

"आणि वात?"

"वात नाही."

"वात नाही? मग त्यांचे गुडघे कशाने दुखायचे?"

याचं उत्तर त्या पाकिटावर नव्हतं.

भाचीला मी हे सांगितलं. ती हसली, पण तिचं लक्ष गठ्ठ्यावर. तिचं म्हणणं, आता नुसते विरुद्धार्थी शब्द विचारत नाहीत, ते २०११ सालीच बंद झालं. आता वाक्यातल्या रिकाम्या जागेत शब्द बसवायचा असतो. म्हणजे पुन्हा बाबांचाच नियम. फक्त वाक्य आपलं नसतं.

मला स्वतःला शब्द खूप येतात. हे मी बढाई म्हणून नाही, तक्रार म्हणून सांगतोय. पुस्तकातून आले, पेपरातून आले, कानावाटे एकही आला नाही. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी 'एपिटोम' असं ठणकावून म्हणालो होतो. समोरचे गृहस्थ सज्जन. हसले नाहीत, टोकले नाहीत. फक्त दोन वाक्यांनंतर त्यांच्या बोलण्यात कुठूनसा तो शब्द आला, 'एपिटमी', आणि पुढे निघून गेला. नोकरी मिळाली. पण इतक्या वर्षांत तो शब्द मी परत तोंडाला लावलेला नाही. जिथे गरज पडते तिथे 'उत्तम उदाहरण' म्हणतो आणि मराठीचा अभिमान असल्याचा चेहरा करतो.

एका शब्दापुढे मात्र मी ताठ असतो: मंगूस. तो इंग्रजांनी आपल्या मुंगसावरूनच नेलाय. गूसचं अनेकवचन गीस, पण मंगूसचं मंगीस होत नाही. तिथे इंग्रजी व्याकरण आपल्या मुंगसाला घाबरतं, असं बाबा म्हणायचे. हे शास्त्रशुद्ध नसेल. मला आवडतं.

साडेचारला वीज आली. पंखा फिरला तसे दोन-चार पत्ते उडाले. भाचीने गोळा केले, रबर लावलं आणि आत गेली. पुढच्या पावसाळ्यात ती परदेशी असेल, सगळं जमलं तर. तिथे हे शब्द तिच्या कानावर पडतील, जिवंत माणसांच्या तोंडून, कुणी न टोकता.

एक पत्ता माझ्या खुर्चीखाली राहिला होता. उचलला. अर्थ येत होता, म्हणून उलटून पाहिला नाही. उच्चार मात्र तिला विचारायला हवा होता. तोवर आत मिक्सर सुरू झाला.