माईक चालू ठेवू का?

"ताई, रस्ट घेतलंय, आधी काय करू?" हा प्रश्न मला सतत येतो. रस्ट हा ऑनलाईन खेळ आहे: बेटावर जगायचं, घर बांधायचं आणि ते बाकीच्या खेळाडूंपासून वाचवायचं. मुलगे तिथेच थांबतात. मुलींच्या मेसेजमध्ये खाली आणखी एक ओळ असते, "माईक चालू ठेवू का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देते. दुसऱ्याला आजवर "तुझं तू ठरव" एवढंच म्हणत आले. इतक्या जणींनी विचारलंत म्हणून या वेळी सगळं लिहिते.

आधी सोपा भाग. किनाऱ्यावर जाग येते तेव्हा हातात दगड आणि मशाल असते, आणि सगळे लगेच जवळच्या झाडावर दगड मारत सुटतात. झाड कुठे पळून जात नाही. आधी हेम्पची झुडपं शोधा, त्यांच्यापासून कापड मिळतं. 30 कापड झालं की स्लीपिंग बॅग होते, आणि बॅग टाकलेली असेल तरच मेल्यावर त्याच भागात परत येता येतं. नाहीतर नकाशाच्या भलत्याच किनाऱ्यावर उठाल आणि आधी गोळा केलेलं सगळं विसरायचं. बॅग एखाद्या खडकामागे टाका, भर वाळूत नको. मग 200 लाकूड आणि 100 दगडात कुऱ्हाड, तेवढ्यातच कुदळ, मग धनुष्य.

घराचा विचार करताना आधी टूल कपबोर्डचं (टीसी, म्हणजे जागेवर हक्क देणारं कपाट) 1000 लाकूड बाजूला काढा. टीसीशिवाय घर बांधलं तर त्या जागेवर तुमचा हक्क नसतो, दुसरा कोणीही येऊन तिथेच बांधू शकतो. टीसीत लाकूड-दगड भरून ठेवायला विसरलात तर भिंती आपोआप झिजतात. काटक्यांचं घर एका रात्रीपुरतंही तसं सोडू नका, लगेच दगडाचं करा. दगडी भिंतीची कच्ची बाजू आतल्या बाजूला आहे ना, ते फिरून बघा, कारण ती बाहेर राहिली तर साध्या कुदळीने घर फुटतं. आणि दारं दोन लावा, मध्ये छोटी जागा सोडून. बाहेरचं उघडताना आतलं बंद हवं. दारात मेलात तरी मारणारा थेट आत शिरत नाही. दार लावलं की त्याच क्षणी कुलूपही लावा. बिनकुलपाचं दार जगाला उघडंच असतं.

आपल्याकडची एक गोष्ट बाहेरचे व्हिडिओवाले सांगत नाहीत. तुम्ही खेळातून बाहेर पडलात तरी तुमचं शरीर तिथेच झोपलेलं राहतं. म्हणजे लाईट गेली की तुम्ही जिथे असाल तिथे, उघड्या माळावर, पाठीवर सगळा माल घेऊन आडवे. पावसाळ्यात आमच्याकडे हे फार होतं. चांगली ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यांना मी सांगते, आधी कॉम्प्युटर आणि राउटर दोन्हींना यूपीएस लावा. दहा मिनिटं पुरतात घरी पोचायला.

सर्व्हर लहान निवडा, शक्यतो तिघांपर्यंतच गट चालतात असा. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सक्तीचा वाइप होतो (सगळ्यांची घरं पुसून खेळ नव्याने सुरू होतो), इंग्लंडच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपास. दुसऱ्या दिवशी ऑफिस असलं तरी शक्य असेल तर त्या रात्रीच उतरा. त्या रात्री सगळ्यांच्याच हातात दगड असतो. आठवड्याने आलात तर समोरच्याकडे बंदूक असते. ज्यांना कोणाशीच न भांडता हे सगळं शिकायचंय त्यांच्यासाठी 2024 पासून खेळातच शिकवणीचं बेट आहे. तिथे एकदा जाऊन या, त्यात कमीपणा नाही.

आता माईक.

रस्टमध्ये शरीर तुम्ही निवडत नाही. तुमच्या स्टीमच्या (जिथून खेळ विकत घेतो त्या दुकानाच्या) खात्याला एकदा जे मिळतं तेच कायम. रंगही आणि, 2016 पासून, बाईचं की पुरुषाचं तेही. मला पुरुषाचं मिळालं. नावही मी असं ठेवलं होतं की त्यावरून काही कळू नये. म्हणजे मी बोलत नव्हते तोवर कोणालाही पत्ता नव्हता. पहिले कितीतरी महिने मी तशीच खेळले. कोणी "फ्रेंडली?" म्हणून ओरडलं की दोनदा खाली वाकायचं, उडी मारायची आणि पळायचं. मला ते जमत होतं. त्या काळातली मी आज मला विचारते, "मग बदललंस कशाला?" तिला पटेल असं उत्तर मला अजून देता आलेलं नाही, हे आधीच सांगते.

ती रात्र अशी. दीपगृहाजवळ, खडकाळ किनाऱ्यावर माझं लहानसं दगडी घर होतं. दोन चौकोन, पत्र्याची दोन दारं, दोन्हींना कोडलॉक. दीपगृहातल्या रिसायकलर यंत्रावर गोळा केलेलं सामान मोडून थोडं स्क्रॅप (खेळात चलनासारखं चालणारं भंगार) घेऊन परत येत होते. मागे पावलं ऐकू आली. तिघे होते, पिवळ्या हॅझमॅट सूटमध्ये, आणि धावत होते. मी दार गाठलं, आत आले, लावून घेतलं. ते बाहेर थांबले. एक जण हिंदीत म्हणाला, "भाई, निकल, कुछ नहीं करेंगे." बाकीचे हसले.

मी त्याआधी बोलण्यासाठीचं व्हीचं बटण कधीच दाबलं नव्हतं. त्या रात्री दाबलं. का, हे मी शंभरदा सांगून झालंय, तरी परत सांगते. मला वाटलं, माणसं आहेत, बोलता येईल. मी म्हटलं, आत फक्त थोडं स्क्रॅप आणि लाकूड आहे, स्क्रॅप दाराबाहेर टाकते, ते घ्या आणि जा. व्यवहाराची भाषा होती. रस्टमध्ये असे व्यवहार होतात, मी नंतर स्वतः कितीतरी केले आहेत.

बाहेर क्षणभर कोणीच बोललं नाही. मग, "अरे, लडकी है."

त्यानंतर स्क्रॅपचा विषय कोणी काढला नाही. कुठल्या गावची, वय काय, इन्स्टाचं नाव सांग, गाणं म्हण. बोलत राहिलीस तर घर फोडणार नाही. एक जण नुसता घाण बोलत होता, ते इथे लिहीत नाही. मी बोलत राहिले. खोटं नाव सांगितलं, खोटं गाव सांगितलं. हे वाचून तुमच्यातले काही विचारतीलच, म्हणून आधीच लिहिते: खेळ बंद का केला नाहीस? बंद केला असता तर माझं शरीर आत झोपलेलं राहिलं असतं आणि त्यांनी दार फोडून त्याच्याशी हवं ते केलं असतं. "ते शरीर खरं नाही" हे मला कळतं. ते घर मात्र मी उभं केलं होतं आणि ते सोडून उठायला मी तयार नव्हते. भीतीने मी तिथे बसून राहिले असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि हेही खरं की माझे हात थरथरत होते आणि शेजारच्या खोलीत आई झोपली होती म्हणून मी आवाज बारीक ठेवला होता.

तिघांतला एक जण मध्येच म्हणाला, "चल ना, छोड." बाकीच्या दोघांनी त्यालाच गप्प केलं. तो पुढे काही बोलला नाही.

मग पहिल्या दारावर सॅचेल (स्फोटकांच्या पिशव्या) लागले. ज्यांनी हा खेळ खेळलाय त्यांना हा हिशेब कळेल. पत्र्याच्या एका दाराला चार सॅचेल लागतात, एका सॅचेलमागे 480 सल्फर जातं. दोन दारं म्हणजे 3840. एवढं सल्फर खणायचं, भट्टीत वितळवायचं, कोळसा करायचा, बारूद करायची. आणि माझ्या पेटीत काय होतं ते मी त्यांना सांगितलेलं होतं. लुटीसाठी एवढा खर्च कोणी करत नाही. हे मला पहिल्या दाराच्या स्फोटांच्या मधेच कळलं, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं. दुसऱ्या दारावर वात जळत असताना माझ्या तोंडून मराठी बाहेर पडलं. "या. या आत, या." मी धनुष्य ताणून उभी होते. एक बाण लागला, मग मी मेले.

किनाऱ्यावरच्या बॅगेवर उठले आणि तशीच, उघड्या हातांनी, परत गेले. टीसी त्यांनी फोडून स्वतःचा लावला होता, म्हणजे तिथे मला एक काटकीही लावता येत नव्हती. भिंतीवर लाकडी पाटी ठोकली होती आणि तिच्यावर रंगवून लिहिलं होतं. काय ते सांगत नाही. मी एफ-सात बटणावरून तिघांचीही तक्रार केली आणि कॉम्प्युटर बंद केला.

इथवर ऐकलं की लोक म्हणतात, "मग तर उत्तर झालंच, माईक बंद." थांबा.

दुसऱ्या दिवशी सर्व्हरच्या चॅटमध्ये एकाने मला मराठीत लिहिलं. टेकडीवर ज्याचं घर होतं तो. मी दिसले की दार लावून घ्यायचा, कधी गोळी झाडली नव्हती, कधी बोललाही नव्हता. त्याने लिहिलं, "ताई, काल मी ऐकत होतो. तुम्ही मराठी आहात." या खेळात आवाज थोड्याच अंतरापर्यंत ऐकू जातो. म्हणजे तो खाली आला होता, जवळच्या कुठल्यातरी खडकाआड होता, आणि शेवटपर्यंत ऐकत होता. मी विचारलं, मग आलास का नाहीस? म्हणाला, ते तिघे होते, माझ्याकडे एक दुनळी होती, काय करणार होतो.

खेळाच्या हिशेबाने तो बरोबर होता. तिघा हत्यारबंद लोकांपुढे दुनळी घेऊन जाणं म्हणजे मरणंच. पण मरण्याची किंमत तिथे काय असते? बॅगेवर उठून परत यायचं, एवढीच. त्याने एक शब्द जरी उच्चारला असता, "मी इथे आहे" एवढा, तरी ती रात्र मला वेगळी आठवली असती. हे मी त्याला त्या वेळी बोलले नाही. त्याने मला त्याच्या टीसीवर घेतलं, दाराचा कोड दिला, भट्टीजवळची एक पेटी रिकामी करून दिली. मग त्याचा मित्र आला, मग माझी ऑफिसातली एक मैत्रीण. आज ज्या मराठी गटात "घ्या ना" म्हणून तुम्ही मला मेसेज करता तो गट असा उभा राहिला. मी त्या रात्री मराठीत ओरडले नसते तर त्याला मी कोण ते कळलं नसतं. आम्ही अजून एकत्र खेळतो. त्या रात्रीचा विषय तोही काढत नाही, मीही नाही. हे वाचेल तेव्हा निघेल बहुतेक, आणि निघावा.

म्हणून मला "माईक बंद ठेव" म्हणता येत नाही. आणि माझं घर फुटल्यावर मिळालेल्या मैत्रीचा दाखला देऊन "चालू ठेव" असंही म्हणता येत नाही. पूर्वीची मी म्हणते, ते लोक तुला बोलल्याशिवायही भेटले असते, चॅटमध्ये टाईप करूनही ओळखी होतातच. होतात. पण बोलण्याने जे होतं ते टाईप करून होत नाही. बंदूक रोखलेला माणूस तुमचं टाईप करून होईस्तोवर थांबत नाही, बोललात तर थांबतो. त्यानंतरच्या काळात मी कितीदा नुसत्या आवाजावर वाचले आहे, आणि कितीदा समोरच्याला वाचवलं आहे. नुकतीच जागी झालेली, हातात दगड घेतलेली माणसं आमच्या दाराशी येतात, मी बोलते, ती बोलतात, आम्ही त्यांना धनुष्य आणि कापड देऊन पाठवतो. त्यांच्यात मुलीही निघाल्या, ज्या माझा आवाज ऐकून पहिल्यांदा बोलल्या. हे सोडायला मी तयार नाही. "हा शेवटी एक खेळ आहे" असं सांगणाऱ्यांनी तेव्हा त्यांचे चेहरे नाही तरी आवाज ऐकायला हवे होते.

माझी ऑफिसातली मैत्रीण मात्र हे मान्य करत नाही. ती आमच्यात सगळ्यात चांगली खेळते, अजूनही बाहेर एक शब्द बोलत नाही. आमच्या आपसातल्या कॉलवर बोलते, खेळातल्या माईकवर नाही. ती म्हणते, "शिकायला आलेल्या मुलीवर तू ही जबाबदारी का टाकतेस? तिला आधी दार नीट लावता येऊ दे." मी म्हणते, गप्प राहायची सवय लागली की ती सुटत नाही. ती म्हणते, "मला सोडायचीच नाहीये." यावर आमचं कधीच एकमत झालेलं नाही आणि वाद दर वाइपला होतो.

एवढं मात्र दोघींचंही एकच सांगणं आहे. गावाचं, कॉलेजचं, इन्स्टाचं खरं नाव कोणालाही देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. आणि पहिल्यांदा उतरण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन बघा की व्ही दाबून धरल्यावरच तुमचा आवाज बाहेर जातो की सतत चालू आहे. बोलायचं की नाही हे तुम्ही ठरवाल, पण आईने जेवायला मारलेली हाक दाराबाहेरच्या माणसाला ऐकू जायला नको.